बॉयलरच्या खोलीतलं दही

एडी दह्याची गोष्ट सांगत होता आणि अख्खं ऑफिस हसत होतं.

"मी बॉयलरचं कव्हर लावतोय," तो म्हणाला, "आणि ती आजी वाटी घेऊन माझ्यामागे उभी. वाटी पार माझ्या नाकाखाली. मी म्हटलं, नो थँक यू, मॅम. तर तिने वाटीकडे बोट केलं, मग बॉयलरकडे, मग परत वाटीकडे. शेवटी मी म्हटलं, मॅम, तुमचा बॉयलर योगर्ट खात नाही!"

लंच-रूममध्ये पुन्हा हशा पिकला. मीही हसले. मग डोक्यात किडा वळवळला. दही देऊ करणारी बाई चमच्याकडे बोट करेल, फार तर तुमच्या तोंडाकडे करेल. बॉयलरकडे कशाला?

"एडी, तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

"असा." एडीने लिंबू चावल्यासारखं तोंड वाकडं केलं.

"आणि ते दही ठेवलं कुठे होतं?"

"बॉयलर-रूममध्येच. फळीवर, टॉवेलात गुंडाळून."

मी हातातलं सँडविच खाली ठेवलं.

आता थोडं माझ्याविषयी आणि बॉयलरविषयी सांगायला हवं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळ एका लहानशा हीटिंग कंपनीत मी सर्व्हिस इंजिनियर होते. मूळची सांगलीची, मेकॅनिकल इंजिनियर. कॉलेजात वर्गातली एकुलती एक मुलगी होते, इथे ऑफिसातली एकुलती एक देशी. मालती म्हणताना सगळ्यांच्या जिभेला गाठ बसायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझी मॉली झाली. मी वाद घातला नाही. वाद घालायला बॉयलर पुरेसे होते.

आपल्याकडे बॉयलर म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. इथला घरातला बॉयलर म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा सुधारलेला भाऊ. बंबात लाकडं, इथे गॅस. तापलेलं पाणी पाइपांतून घरभर फिरतं, खोल्या ऊबदार राहतात. आणि जळलेल्या गॅसचा धूर चिमणीतून बाहेर जातो. म्हणजे जायला हवा.

माझं काम होतं कॉलबॅकचं. एकाच घरातून तीच तक्रार पुन्हा आली की तिला कॉलबॅक म्हणतात. टेक्निशियन जाऊन दुरुस्त करून येतो, आठवड्याने तेच रडगाणं. असं का होतं, ते शोधायला फ्रँक मला पाठवायचा. फ्रँक माझा बॉस. माणूस चांगला होता, फक्त त्याला सगळं एका वाक्यात हवं असायचं.

एडी ज्या घराविषयी बोलत होता तिथे तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा तक्रार एकच, पायलट विझतो. पायलट म्हणजे बॉयलरमधली सतत तेवणारी छोटी ज्योत, जिच्यावर मोठा बर्नर पेटतो. ती विझली की घर गार. एडीने दोन्ही वेळा ती पेटवली, सगळं तपासलं, दोष काहीच सापडला नाही. एडी कामचुकार नव्हता. चिमणी धूर ओढते का, ज्योत निळी आहे का, हे तो डोळ्यांत तेल घालून बघायचा.

पण दही. जर्सीच्या थंडीत दही लावणं ही एक कला आहे. कुणी ओव्हनमधला दिवा लावून त्यात ठेवतं, कुणी ब्लँकेटमध्ये गुंडाळतं. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे बॉयलरची खोली. मीसुद्धा तिथेच ठेवायची. रात्री विरजण लावावं, सकाळी मस्त कवडी पडलेली असते. तेच दही तोंड वाकडं होण्याइतकं आंबायला लागलं, तर खोली पूर्वीपेक्षा जास्त तापतेय. आणि बॉयलरची खोली उगाच जास्त तापत नाही. जी उष्णता धुराबरोबर चिमणीतून वर जायची, ती खोलीत उतरत असली पाहिजे. तसं असेल तर धूरही खोलीत उतरत होता.

मी फ्रँकच्या केबिनमध्ये गेले.

"मला त्या घरी जायचंय."

"कॉलबॅक आलाय?"

"नाही."

"मग प्रॉब्लेम काय?"

"दही आंबतंय."

फ्रँकने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मॉली, कस्टमर हॅपी आहे. हॅपी कस्टमरच्या घरी आपण जात नाही. गेलो तर तो अनहॅपी होतो."

"फ्रँक, पायलट दोनदा विझला आणि कारण सापडलं नाही. ज्योत उगाच विझत नाही. खोलीत धूर उतरत असेल तर?"

"एडीने ड्राफ्ट चेक केला होता. चिमणी नीट ओढत होती."

"एडी असतानाचा ड्राफ्ट त्याने चेक केला. तो नसतानाचा कुणी केलाय?"

फ्रँकने दाराकडे हात केला. याचा अर्थ जा, पण लवकर ये.

मी आधी घरमालकाला फोन लावला. श्रीकांत नाव. कुठल्याशा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. फोनवर मराठी ऐकून खूश झाला.

"अहो, आता सगळं ओके आहे. कशाला त्रास घेता? दह्याचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंना अमेरिकेतलं सगळंच आंबट लागतं." तो हसला. "त्या माधवीच्या बाळंतपणासाठी मिरजेहून आल्यात. मुलगी झाली आम्हाला. तुम्ही या, मी घरी फोन करून सांगतो."

घरी फोन करून सांगतो, हे त्याचं वाक्य मी त्या वेळी सोडून दिलं. नंतर कळलं की सगळी मेख तिथेच होती.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि त्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. दार उघडलं ते पन्नाशी उलटलेल्या, शाल पांघरलेल्या बाईंनी. त्यांनी माझ्यामागे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टूलबॉक्सकडे पाहिलं.

"तूच का गं बॉयलरवाली?"

"हो मावशी. मी मालती. सांगलीची."

"अगं बाई! सांगलीची!" मला त्यांनी हाताला धरूनच आत ओढलं. "जावई म्हणाले बाई येतेय, पण मला वाटलं गोरी असेल. आता तुला तरी सांगता येईल सगळं. तो उंच मुलगा आला होता, त्याला मी दही दाखवून दाखवून दमले. तो आपला हसतोय."

घर आरशासारखं लख्ख होतं. सोफ्यावर ताजी चादर, चपला एका ओळीत. स्वयंपाकघरातून गार वारा येत होता. लसणाची फोडणी आणि मेथीचे लाडू यांचा वास घालवायला खिडक्या उघडल्या होत्या, हे मला विचारावंही लागलं नाही. गोरा माणूस घरी येणार म्हटलं की आपण सगळे हेच करतो. मी पण करते.

घर स्प्लिट-लेव्हल होतं. म्हणजे अर्धा जिना चढला की स्वयंपाकघर आणि हॉल, अर्धा उतरला की खालच्या खोल्या. बॉयलर खाली, शेजारीच वॉशर-ड्रायर. आणि त्याला लागून असलेल्या खोलीत बाळंतीण आणि बाळ.

"इथे का झोपवलंत?"

"सगळ्यात ऊबदार खोली हीच ना. बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं."

माधवी उठून बसली. कानावर रुमाल बांधलेला, चेहरा ओढलेला. माझ्या वेळी आईला इथे येता आलं नव्हतं. डिंकाचा लाडू मी माझ्या हातांनी, रडत रडत वळला होता. त्या रुमालाकडे बघून मला हेवा वाटला, खरं सांगते. बाळ तिच्याशेजारी गाढ झोपलं होतं.

"बरं आहे ना?" मी सहज विचारलं.

"डोकं फार दुखतं हो," माधवी म्हणाली. "सकाळी उठवत नाही, मळमळतं. डॉक्टरकडे गेले तर तिथे एकदम फ्रेश वाटलं. ते म्हणाले, न्यू मदर आहेस, रेस्ट घे. घरी आले की परत तेच."

"आणि बाळ?"

"ती बाई फार शहाणी," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "रडणं म्हणून नाही. नुसती झोप. दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं."

दुखणं घरात असतं आणि घराबाहेर पडलं की जातं, तेव्हा ते दुखणं माणसाचं नसतं, घराचं असतं. गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. झोपलेला माणूस तक्रार करत नाही. हल्ली असतात तसे घराघरांत त्याचे अलार्म तेव्हा नव्हते.

मी बॉयलर-रूममध्ये गेले आणि पेचात पडले. बॉयलर उत्तम चालला होता. ज्योत निळीशार. चिमणी छान ओढत होती. एडी अगदी खरं बोलत होता.

पण बॉयलरच्या डोक्यावर, जिथून धूर चिमणीत शिरतो तिथे, पत्र्याची एक छत्री असते. तिच्या कडेचा रंग तपकिरी झाला होता, करपलेल्या पोळीसारखा. छत्रीखालून गरम धूर बाहेर आल्याशिवाय तो रंग येत नाही. खोलीतल्या छोट्या खिडकीच्या चौकटीत पाण्याचे ओघळ वाळले होते. धुरात वाफ असते. ती चिमणीतून गेली नाही की गार काचेवर पाणी होऊन बसते. म्हणजे धूर खोलीत येत होता. फक्त कुणी बघायला आलं की येत नव्हता.

भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बाहेरची हवा आत यायला एक जाळी होती. बॉयलरचं नाकच म्हणा ना. मी वाकून पाहिलं. जाळीच्या तारेत निळ्या दोऱ्याचं एक टोक अडकलं होतं.

दोरा मी ओढून हातात घेतला. डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"मावशी," मी विचारलं, "मी येणार म्हणून तुम्ही काय काय उचललंत?"

त्या चोरी पकडल्यासारख्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, असंच. जरा आवरलं."

"मला दाखवा ना."

जिन्याखालच्या कपाटातून त्यांनी एक जाड गोधडी काढली. जुन्या लुगड्यांची, निळ्या दोऱ्याने शिवलेली. नातीसाठी मिरजेहून आणलेली.

"त्या भोकातून गार वारा भसाभस येतो. थेट बाळंतिणीच्या खोलीत! शेजारी लेकुरवाळी निजते आणि घर बांधणाऱ्याने भिंतीला भोक ठेवलंय, काय म्हणावं याला? मी हिची घडी करून बसवली त्यात. घट्ट."

"एडी आला, तेव्हाही काढली होती?"

"मग काय? परक्या माणसापुढे चिंध्या ठेवायच्या होय? तो येणार म्हटल्यावर गोधडी काढली, दह्याचं पातेलं तेवढं राहिलं. खिडक्याही उघडल्या. तो गेल्यावर परत सगळं होतं तसं केलं."

एडी दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याला निरोगी बॉयलर दिसला. डॉक्टरला निरोगी बाळंतीण दिसली, कारण ती मोकळ्या हवेतून त्याच्याकडे गेली होती. दोघांचंही चुकलं नव्हतं.

"घराच्या बाकीच्या खिडक्यांना प्लास्टिक कुणी लावलंय?" मी विचारलं.

"श्रीकांतने," आतून माधवी म्हणाली. "एनर्जी सेव्हिंग. सगळ्या फटी त्याने कॉल्किंगने भरल्यात. आय टोल्ड हिम, डबा केलायस घराचा."

म्हणजे जावयाने घराचं तोंड बंद केलं होतं आणि सासूने नाक. दोघांनीही मायेपोटी.

"मावशी, माधवीला आणि बाळाला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढायला हवं. शेजारी कुणी ओळखीचं आहे?"

"या थंडीत?" त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सव्वा महिना झाला नाही अजून. तू मराठी असून असं बोलतेस? काही नाही झालंय तिला. अशक्तपणा आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आईला तिच्या लेकीच्या बाळंतपणातलं ज्ञान शिकवायची माझी छाती नव्हती. गोधडी बाहेर होती, खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे हाताशी थोडा वेळ होता. मी म्हटलं, "बरं. त्यांना नुसतं वर हॉलमध्ये बसू दे. आणि मला देवापुढची एक उदबत्ती द्या."

उदबत्ती म्हटल्यावर मावशी नरमल्या.

माधवी बाळाला घेऊन वर गेली. तिला मी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून एक्झॉस्ट फॅन चालू करायला आणि हॉलचं दार ओढून घेऊन बसायला सांगितलं. खाली मी ड्रायर सुरू केला. त्यात बाळाचे लंगोट होतेच. ड्रायर आणि फॅन दोन्ही घरातली हवा बाहेर फेकतात. रोज हेच चालायचं. वर फोडणी, खाली लंगोट, आणि दोन्हींच्या मध्ये बॉयलर.

मी उदबत्ती पेटवून छत्रीच्या कडेपाशी धरली. धुराची रेघ सरळ छत्रीत शिरली आणि वर गेली.

"हे बरोबर आहे," मी म्हटलं. "आता तुम्ही गोधडी होती तशी बसवा. आणि इथली ही छोटी खिडकी लावा."

मावशींनी गोधडी जाळीत दाबून बसवली. सवयीचे हात होते. आम्ही दोघी उभ्या राहिलो. जरा वेळ धूर वर जात राहिला. मग रेघ डळमळली. थांबली. आणि वाकून उलटी फिरली, थेट मावशींच्या तोंडावर.

त्या मागे सरकल्या. छत्रीखालून गरम वाफारा आला, दोघींच्या गालांना लागला. आत ज्योतीची टोकं पिवळी व्हायला लागली होती.

"अशीच होते ही," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, किती छान. समईसारखी."

"समईला शोभते, मावशी. बॉयलरला नाही."

माझ्याकडे एक तपासणीची नळी होती. काचेची, आत पिवळी पावडर. हातपंपाने खोलीतली हवा तिच्यातून ओढायची. विषारी वायू असला तर पावडर काळवंडते. मी पंप दाबला. पावडर काळवंडत गेली. आणखी बघत बसायची गरज नव्हती.

मी बॉयलर बंद केला, गॅसचा कॉक फिरवला, गोधडी उपसून काढली. वळून बघते तर मावशी तिथे नव्हत्या. त्या जिना चढून वर गेल्या होत्या. मी पोहोचले तेव्हा त्यांनी माधवीला स्वतःच्या शालीत गुंडाळलं होतं आणि मिरजेच्या त्या बाईंनी, ज्यांनी तिकडे कधी बाळंतिणीला उंबरा ओलांडू दिला नसेल, पुढचं दार स्वतःच्या हाताने सताड उघडलं होतं.

"चल," त्या मला म्हणाल्या. "कुठे न्यायचंय तिथे चल."

माझ्या गाडीतून आम्ही हॉस्पिटलला गेलो. गाडीच्या काचा मी उघड्या ठेवल्या. मला भीती वाटत होती. आरशात मला त्या बाळाचं डोकं दिसत होतं आणि ते हलत नव्हतं. यंत्रांच्या बाबतीत मी कधी घाबरले नाही. यंत्र बिघडलं तर नवं आणता येतं.

हॉस्पिटलमध्ये मी नळी डॉक्टरांच्या हातात दिली आणि बॉयलरचं सांगितलं. पुढचं त्यांनी झपाट्याने केलं. दोघींच्या रक्तात वायू निघाला. ऑक्सिजन लावला. मावशींनाही लावला, त्या नको म्हणत असताना. कॉरिडॉरमध्ये मी पे-फोनवरून फ्रँकला कळवलं की बाळ-बाळंतिणीला इथे आणलंय.

"मॉली, एका वाक्यात सांग."

"दही बरोबर होतं," मी म्हटलं.

फ्रँकने विचारलं, "बाळ?"

"अजून माहीत नाही."

"तिथेच थांब. ऑफिसची काळजी करू नकोस."

श्रीकांत धावत आला. कोटाची बटणं चुकीच्या काजांत अडकवलेली. मी सगळं सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खालीच बसला. "आई मला रोज सांगत होत्या. दही आंबतंय, दही आंबतंय. मी जोक्स करत होतो. आणि त्या खिडक्या मीच सील केल्या. यार, मी इंजिनियर आहे."

"मीही आहे," मी म्हटलं. "आपल्याला जे दिसतं ते आपण मोजतो. उठा."

संध्याकाळच्या सुमाराला आतून एक आवाज आला. आधी बारीक, मग चढत चढत सगळा मजला डोक्यावर घेणारा. ती शहाणी मुलगी रडत होती. भुकेने, रागाने, हातपाय झाडून रडत होती. नर्स हसत बाहेर आली आणि म्हणाली की हिला दूध पाहिजे आणि आत्ता पाहिजे. माधवी एकाच वेळी हसत आणि रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गेलं शहाणपण, फार बरं झालं.

मावशी मात्र दूर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. दूध पिऊन झाल्यावर माधवी म्हणाली, "आई, घे ना तिला." त्यांनी मान हलवली.

"नको. माझ्या हातांनी घेणार नाही."

"आई, असं काय बोलतेस?"

"माझ्याच हातांनी भरली ना ती गोधडी? तिच्यासाठी शिवलेली. वारा लागू नये म्हणून." त्यांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. "वाराच हवा होता गं तिला."

मला सांत्वन करायला जमत नाही. माझा स्वभाव तसा नाही. पण तेव्हा मी बाळाला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग त्यांना घ्यावंच लागलं.

"ऐका मावशी. बॉयलर बिघडायला लागला की आधी बारीकसारीक गोष्टी बोलतात. काचा बोलतात, ज्योत बोलते. या घरात डॉक्टर, दोनदा आलेला टेक्निशियन, तुमचे जावई, सगळ्यांनी म्हटलं काही झालेलं नाही. तुम्ही एकट्या म्हणत होता की झालंय. भाषा येत नसताना त्या मुलापुढे वाटी नाचवलीत. तो हसला म्हणून ती गोष्ट माझ्यापर्यंत आली. गोधडी तुमची होती, तसं दहीही तुमचंच होतं."

त्या बाळाच्या कानावरचं टोपडं सारखं करायला लागल्या. वारा लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. त्याआधी एडी तिथे पोहोचला होता, न बोलावता. त्याने जाळीपासून बर्नरच्या जवळपर्यंत पत्र्याचा एक डक्ट बसवला, म्हणजे बाहेरची हवा बॉयलरला मिळेल आणि जमिनीवरून बाळंतिणीच्या खोलीत जाणार नाही. मावशींची तक्रार खोटी नव्हतीच. वारा खरंच येत होता. श्रीकांतने खिडक्यांचं प्लास्टिक फाडलं. एडी काम संपवून हात धूत होता तेव्हा मावशी वाटी घेऊन त्याच्यामागे उभ्या राहिल्या. या खेपेला त्याने वाटी घेतली, उभ्याउभ्या संपवली आणि मला म्हणाला, "मॉली, साखर मिळेल का विचार."

फ्रँकने सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्या टेक्निशियन्सना एक वाक्य सांगितलं. एकच, त्याच्या पद्धतीने. "बॉयलर बघण्याआधी विचारा, मी येणार म्हणून तुम्ही काय हलवलंत?" मी पुढे निवृत्त होईपर्यंत हाच प्रश्न आधी विचारत राहिले. आणि लोक काय काय काढून दाखवायचे! कपड्यांचे ढीग, तांदळाची पोती, देव्हारा, इडलीचं पीठ. नुसतं आपल्या लोकांचं नाही. अमेरिकन बायकाही दार उघडायच्या आधी सगळं कपाटात कोंबायच्या. पाहुण्यापुढे अब्रू सगळ्यांनाच प्यारी.

दोन हिवाळ्यांनंतर त्या घरी वार्षिक तपासणीला गेले. खरं तर ते एडीचं काम, पण मी मागून घेतलं. मावशी पुन्हा आल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं. एका हाताने त्यांनी नातीला धरलं होतं आणि ती हात सोडवून बाहेर पळायला बघत होती. आत हॉलभर खेळणी, सोफ्यावर न घड्या केलेले कपडे. लसणाच्या फोडणीचा वास दारापर्यंत आला होता. जिन्याच्या कठड्यावर ती निळ्या दोऱ्याची गोधडी वाळत होती.

मी माझा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या.

"ये. काही आवरलेलं नाही हं."